ट्रंकेतलं पदक: ते घडलं कसं आणि त्याला हात कसा लावायचा

घरात जुनं युद्धपदक सापडलं की पहिल्यांदा ते घासायचं नाही. चिंच नको, रांगोळी नको, दंतमंजन नको आणि पितळेच्या समईला लावतो ती पॉलिशची पेस्ट तर मुळीच नको. हा सगळा लेख तुम्ही अर्ध्यावर सोडलात तरी एवढं लक्षात ठेवा.

हे मी पोटतिडकीने सांगतो आहे, कारण आमच्या घरात हे घडून गेलंय. माझे पणजोबा शिंदे सरकारच्या पलटणीत शिपाई होते. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेला गेलेल्या फौजेत ग्वाल्हेर संस्थानची तिसरी पलटण होती, तिच्यातून ते गेले आणि परत आले. त्यांचं चांदीचं युद्धपदक आत्याच्या ट्रंकेत एका जुन्या उपरण्यात गुंडाळलेलं होतं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आत्या म्हणाली, "अरे, काळं पडलंय, जरा उजाळा देऊन आण." मी ते एका दुकानात नेलं. त्यांनी ते बफच्या चाकावर धरलं आणि सैल झालेली वरची पट्टी डाख लावून पक्की करून दिली. पदक आरशासारखं झालं. घरी येऊन कडेवरचं नाव आत्याला वाचून दाखवायला गेलो, तर नंबराचे शेवटचे दोन आकडे आणि नावातलं एक अक्षर पुसून गेलेलं. ते आता कुठूनही परत येणार नाही.

त्यानंतर पदकं घडतात कशी ते मी शिकलो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या सराफ्यात बसून ठसे, डाख, ताव, कानस हे जुन्या कारागिरांकडून समजून घेतलं, आणि टांकसाळीची पद्धत वाचून त्याच्याशी जुळवत गेलो. एक गोष्ट पक्की कळली. पदक ही एकसंध वस्तू नाही. ती चार-पाच तुकड्यांची जोडणी आहे, आणि प्रत्येक सांध्यावर कुणाच्या तरी हाताची खूण आहे. ती खूण वाचता आली की पदक खरं का खोटं, कुणाचं, कधीचं, हे बरंचसं पदकच सांगतं. म्हणून घडणीच्या क्रमानेच जाऊ. प्रत्येक टप्प्यावर आपल्या हातातल्या पदकात काय पाहायचं तेही सांगत जातो.

आधी बैठक मांडा

टेबलावर मऊ सुती कापड, दहापट मोठं दाखवणारं भिंग, व्हर्नियर कॅलिपर, सुती हातमोजे, एक मऊ कोरडा ब्रश, छोटं चुंबक आणि वही. दिवा डोक्यावर नको. तो बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर ठेवा. तिरप्या उजेडात उठाव आणि खाच लगेच वेगळे दिसतात. ब्रशने धूळ तेवढी झटका. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो आत्ताच काढून ठेवा. पुढे काही चुकलंच, तर निदान चुकण्याआधीचं रूप हाताशी राहील.

धातू ओळखा

पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश युद्धपदक चांदीचं, ३६ मिलिमीटर व्यासाचं. हेच पदक ब्राँझमध्येही निघालं, ते मजूर तुकड्यांना आणि फौजेबरोबरच्या बिगरलढाऊ माणसांना मिळालं. घरात ब्राँझचं सापडलं तर त्याला नक्कल म्हणून बाजूला सारू नका. तो माणूस कदाचित खेचरं हाकत होता किंवा पाणी वाहत होता, आणि त्याचीही नोंद त्या कडेवर आहे. याच युद्धाचं विजयपदक पिवळसर ब्राँझचं. दुसऱ्या महायुद्धातलं इंडिया सर्व्हिस पदक आणि १९४७ चं स्वातंत्र्यपदक तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं. चांदी, ब्राँझ किंवा हे तांबं-निकेल चुंबकाला धरत नाही. तबकडी चुंबकाला चिकटली, तर ती मूळ पदकाची नव्हे.

ग्वाल्हेरकर म्हणून इथे थोडं थांबलं पाहिजे.

२९ डिसेंबर १८४३ ला, एकाच दिवशी, महाराजपूर आणि पनिहार इथे शिंद्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. पनिहार आजही शिवपुरीच्या वाटेवर लागतं. महाराज जयाजीराव शिंदे लहान होते, कारभार त्यांच्या दत्तक आई ताराबाईंच्या नावाने चालला होता. महाराजपुरात आपल्या गोलंदाजांनी तोफांची साथ सोडली नाही, संगिनी अंगावर येईपर्यंत ते तोफेशी उभे राहिले. लढाई हरली, तोफा गेल्या. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरोने त्या जिंकलेल्या तोफांचा धातू वितळवून कलकत्त्याच्या टांकसाळीत पदकं करवली. तोच 'ग्वाल्हेर स्टार'. सहा टोकांचा ब्राँझचा तारा, त्याच्या मधोमध चांदीचा छोटा तारा, त्यावर लढाईचं नाव आणि तारीख. महाराजपूरसाठी एक आणि पनिहारसाठी एक, असे दोन प्रकार. मागची बाजू कोरी, तिथे शिपायाचं नाव आणि पलटण कोरलेली. सुरुवातीला त्याला फीत नव्हती. मागच्या आकडीने तो अंगरख्याला अडकवायचा. पुढे बऱ्याच जणांनी स्वतःच्या खर्चाने वर कडी किंवा पट्टी बसवून घेतली, म्हणून दोन ग्वाल्हेर स्टारची वरची जोडणी क्वचितच सारखी दिसते.

हे पदक आपल्या माणसांना मिळालेलं नाही, आपल्याविरुद्ध लढलेल्यांना मिळालेलं आहे. तरी मला ते आपलंच वाटतं. त्यातला धातू आपल्या तोफखान्याचा आहे. आपल्या ओतकामवाल्यांनी मुशीत वितळवलेला, आपल्या गोलंदाजांनी शेवटपर्यंत राखलेला. कुठल्या संग्रहालयात काचेआड तो दिसला, तर पाटीवरचं नाव वाचून पुढे जाऊ नका. मधल्या चांदीच्या भोवतीचं ते काळपट ब्राँझ नीट पाहा.

ठसा: नजर इथे तयार होते

आता घडणीकडे. बहुतेक युद्धपदकं ओतीव नसतात, ठोकीव असतात. म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतत नाहीत, तर कडक पोलादाच्या दोन ठशांमध्ये तबकडी दाबतात.

कलाकार आधी चित्र काढतो. मग त्याच चित्राचा पदकापेक्षा कितीतरी मोठा उठावाचा नमुना मातीत आणि प्लास्टरमध्ये करतो. राजाची हनुवटी, घोड्याची आयाळ, अक्षरांची उंची, सगळं इथे ठरतं. मग हा मोठा नमुना लहान करायचा. त्यासाठी एक यंत्र असतं. त्याच्या एका टोकाची बोथट सुई नमुन्यावरून हळूहळू फिरते आणि दुसऱ्या टोकाचं धारदार पातं तीच चाल लहान प्रमाणात पोलादावर कोरत जातं. हे यंत्र यायच्या आधी खोदकारीगर थेट पोलादावर, उलटं, हाताने कोरायचा.

यातून निघतो तो उठावाचा मूळ पंच. कारागीर भिंग लावून त्यावर बसतो आणि यंत्राने बोथट सोडलेल्या जागा छिन्नीने खुलवतो. पापणीची रेघ, पट्ट्याचं बक्कल, अक्षराचा कोपरा. मग पंचाला पाणी देतात, म्हणजे लाल तापवून विझवून कडक करतात. हा पंच मऊ पोलादात दाबला की खोलगट ठसा मिळतो, आणि त्यालाही पाणी देतात. पाणी जास्त झालं तर ठसा ठिसूळ होऊन तडकतो, कमी पडलं तर दाबाखाली बसतो. लोहार विळ्याला पाणी देताना जो अंदाज घेतो, तोच हा अंदाज.

आता तुमच्या पदकाकडे वळा. तिरप्या उजेडात मोकळ्या जागेवर केसासारखी रेघ दिसली, तर ती खोल आहे का उठावाची आहे ते बघा. नवख्या माणसाने सगळ्यात आधी हीच गोष्ट शिकावी. खोल रेघ म्हणजे ओरखडा, तो पदकाला नंतर पडलेला. उठावाची रेघ म्हणजे ठशालाच तडा गेला होता आणि दाबाखाली धातू त्या फटीत शिरला. ती जन्मखूण आहे. असंच एक पदक एका सद्गृहस्थांनी ओरखडा समजून घासून गुळगुळीत करून घेतलेलं मी पाहिलंय.

तबकडी, ताव आणि दाब

धातूचा पत्रा लाटून त्यातून गोल तबकड्या पाडतात. नाण्याला एक दाब पुरतो, कारण नाण्याचा उठाव कमी असतो. पदकाचा उठाव जास्त. एका दाबात धातू ठशाच्या तळापर्यंत पोचत नाही, आणि दाबाखाली तो कडकही होतो. म्हणून एकदा दाबायचं, ताव देऊन मऊ करायचं, आम्लात बुडवून काजळी काढायची आणि पुन्हा त्याच ठशात तंतोतंत बसवून दाबायचं. असं दोन-तीनदा, कधी त्याहून जास्त वेळा. तबकडी परत ठशात बसवणं हे हाताचं काम. ती तिळभर सरकली तर अक्षरांना दुहेरी कड येते. भिंगाखाली अशी सावली दिसली तर दचकू नका, ती त्या हाताची चूक आहे.

जुन्या काळी दाब पेचाचा होता. वर आडवा दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना वजनं, माणसं तो ओढून फिरवत आणि पेच खाली येई. कलकत्त्याची स्ट्रँड रोडवरची टांकसाळ १८२९ मध्ये सुरू झाली ती वाफेच्या यंत्रांनिशी. १९५२ मध्ये काम अलीपूरच्या नव्या टांकसाळीत गेलं, आणि आपली शौर्यपदकं आज तिथे घडतात.

दाब झाल्यावर कडेला धातूची बारीक पापुद्र्यासारखी झालर राहते. ती कापून कड लेथवर फिरवून साफ करतात.

ओतीव नक्कल इथेच पकडता येते. वितळलेला धातू थंड होताना आक्रसतो, त्यामुळे खऱ्या पदकावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल थोडी लहान भरते. ३६ मिलिमीटरच्या पदकात साधारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो, तो कॅलिपरला लगेच कळतो. शिवाय अक्षरांचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गोलसर, आणि मोकळ्या जागेवर पुरळासारखे बारीक दाणे. हे तिन्ही एकत्र दिसलं तर नक्कल समजा.

याला एक मोठा अपवाद आहे, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक. १८५६ पासून लंडनची हॅनकॉक्स पेढी तो करते. त्यासाठी ठरवलेलं तोफेचं ब्राँझ इतकं कडक निघालं की ठसे तडकायला लागले. म्हणून तो वाळूच्या साच्यात ओततात, मग प्रत्येकाचं नक्षीकाम छिन्नीने हाताने खुलवतात आणि शेवटी गडद रंग चढवतात. आपल्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोन मराठा शिपायांना इटलीच्या आघाडीवर तो मिळाला, घाडगेंना मरणोत्तर. त्यावर नाव कडेला नसतं. नाव वरच्या पट्टीच्या मागे आणि पराक्रमाची तारीख क्रॉसच्या मागच्या वर्तुळात.

जोडणी: चिमटी, पट्टी, खिळी

तबकडी तयार झाली म्हणजे पदक झालं असं नाही. ते छातीवर लटकायला हवं.

पदकाच्या डोक्यावर धातूची एक चिमटी बसते. तिचे दोन पाय तबकडीला पुढून-मागून धरतात. बऱ्याच पदकांत चिमटी आणि तबकडी यांच्यातून आरपार एक बारीक खिळी घालून तिची दोन्ही टोकं ठोकून बसवतात आणि वरून हलका डाख देतात. डाखाच्या कामात सगळं कौशल्य उष्णतेत आहे. सवागी (टाकणखार) लावायची, डाखाचा तांदळाएवढा कण ठेवायचा आणि तो पाण्यासारखा पळाला त्या क्षणी फुंकणी काढायची. क्षणभर उशीर झाला तर शेजारचं नक्षीकाम बसतं. चिमटीच्या वर आडवी पट्टी, तिच्यातून फीत जाते. काही पदकांत पट्टी एका खिळीवर फिरते, काहींत पक्की असते. ब्रिटिश युद्धपदकाची पट्टी पक्की, सरळ. विजयपदकाला पट्टीच नाही, साधी कडी. परमवीर चक्राची पट्टी सरळ आणि फिरती.

फिरती पट्टी हलकेच फिरवून बघा, जोर लावू नका. पक्की पट्टी हलत असेल तर नोंद करा आणि सोडून द्या. सांध्यापाशी पांढुरका, ओघळलेला डाख दिसला तर ती नंतरची दुरुस्ती. आमच्या पणजोबांच्या पदकावर आता तो कायमचा आहे.

या सांध्यावरून पदक कुठे घडलं तेही कधी कधी कळतं. १९०८ चं इंडिया जनरल सर्व्हिस पदक लंडन आणि कलकत्ता, दोन्ही टांकसाळींत निघालं. ठसा तोच, पण लंडनच्या पदकाची चिमटी नक्षीदार आणि कलकत्त्याची साधी.

या पदकावर मोहिमांच्या नावाच्या आडव्या पट्ट्या एकावर एक चढतात. पट्टीच्या दोन टोकांना कान असतात, खालच्या पट्टीच्या कानावर वरच्या पट्टीचा कान ठेवून बारीक खिळ्यांनी जोडतात, वर फुलासारखी टिकली. सर्वांत जुनी मोहीम तबकडीजवळ, नवी वर. खिळ्यांच्या जागी तार दिसली, तर कुणीतरी नंतर पट्टी चढवली आहे. तसं करणारा नेहमी लबाडच असतो असं नाही. कित्येकदा पट्टी टपालाने मागाहून यायची आणि शिपाई ती जवळच्या सोनाराकडून बसवून घ्यायचा.

कडेवरचं नाव

माझ्या दृष्टीने पदकाचा जीव इथे आहे. राजाचं तोंड लाखो पदकांवर सारखं, नाव एकाचंच.

नाव दोन रीतींनी येतं. एक, कोरून. खोदकारीगर छिन्नीने धातू काढून टाकतो, भिंगाखाली रेघ कुठे बारीक कुठे जाड, एकच अक्षर दोनदा पाहिलं तर दोन रूपांत. दुसरी रीत ठोकून. पोलादी अक्षरांचे पंच कडेवर दाबतात. तिथे धातू काढला जात नाही, ढकलला जातो. अक्षरांचा तळ सपाट आणि एकसारखा. पहिल्या महायुद्धाच्या युद्धपदकावर आणि विजयपदकावर नाव असं ठोकून कडेला आहे, त्याच युद्धाच्या १९१४-१५ च्या तारा-पदकावर मात्र मागच्या बाजूला.

क्रम बहुधा असा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. आपली नावं इंग्रजी कानांनी लिहिलेली असतात. जाधवचा जाडाओ होतो, शिंदेचा सिंदिया होतो. म्हणून अक्षरं जशीच्या तशी वहीत उतरवा आणि मग मोठ्याने म्हणा. डोळ्यांना जे परकं वाटतं ते कान ओळखतो. शक्य असेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला ऐकवा.

आता कॅलिपरने कडेशी जाडी आणि व्यास सात-आठ ठिकाणी मोजा. नावाच्या जागी माप कमी भरलं, तर जुनं नाव कानसून काढून नवं घातलंय. घरच्या पदकात असं सहसा निघत नाही, पण बाजारातून घेताना हे मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

फीत बदलणं: एवढं काम तुम्ही घरी करू शकता

मूळ फीत शाबूत असेल तर बदलूच नका. अगदीच विरली असेल तर जुनी काढून पांढऱ्या कागदात घडी न घालता ठेवा, टाकू नका.

बहुतेक पदकांची फीत ३२ मिलिमीटर रुंद, विजयपदकाची ३९. ग्वाल्हेरच्या मुरार छावणीजवळ फौजी कपडे शिवणारे शिंपी ती मीटरवर देतात. साधारण पंधरा सेंटिमीटर कापा. टोकांचे धागे सुटू नयेत म्हणून चिमूटभर दुमडून टीप घाला. फीत पट्टीतून ओवण्याआधी तिची बाजू बघा. युद्धपदकाची फीत दोन्हीकडून सारखी असते, पण १९१४-१५ च्या ताऱ्याची लाल-पांढरी-निळी फीत उलटी लागू शकते. समोरून पाहणाऱ्याला लाल रंग डावीकडे दिसला पाहिजे. मग ओवा, दोन्ही टोकं मागे घ्या आणि त्याच रंगाच्या धाग्याने हाताने शिवा. गोंद नको, स्टेपलरची पिन नको.

एकाहून जास्त पदकं असतील तर ती एका ओळीत कडक कापडावर शिवून घेता येतात. शिंपी ते सुबक करतो. पण मूळ पदकं त्याच्याकडे सोडून येऊ नका. समोर बसून करून घ्या, किंवा मापाला नकला द्या आणि समारंभाला त्याच घाला.

ठेवायचं कसं

प्रत्येक पदक वेगळ्या सुती पिशवीत, एकमेकांवर घासणार नाही असं. वर्तमानपत्र, रबरबँड आणि वास येणारं प्लास्टिक नको, चांदी त्याने काळी पडते. ग्वाल्हेरचा उन्हाळा कोरडा असतो, काळजी श्रावण-भाद्रपदाची. तेव्हा डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. चांदीवर चढलेला करडा थर तसाच राहू द्या.

आणि पिशवीत एक चिठ्ठी घाला. पदक कुणाचं, तुमचं त्यांच्याशी नातं काय, कडेवर नेमकं काय वाचलंत आणि कोणत्या तारखेला वाचलंत, एवढं लिहा. शाईच्या पेनने नको, पेन्सिलीने लिहा. शाई ओलीने पसरते. आमच्या पणजोबांच्या पिशवीत मी त्यांचा नंबर लिहून ठेवलाय, आणि शेवटच्या दोन आकड्यांच्या जागी दोन फुल्या.